राहिलेला हुंकार

१

दूध उतू गेलं तेव्हा ती गॅससमोरच उभी होती. चिमी कडेवर आणि डोळे पातेल्यावर. दूध वर यायच्या आधी कडेकडेने कसं शहारतं, साय कशी फुगते, मग कसं चढतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. रोजचंच ते. पण आज दुधाने आधी काही कळवलंच नाही. पातेलं आत्ता कुठे चढवलेलं, आच मंद, आणि एकदम खळखळून सगळं ओट्यावर.

तिने गॅस बंद केला. मग बंद केला का ते परत बघितलं. मग चिमीला खाली सतरंजीवर ठेवून फडकं घेतलं, आणि फडकं घेता घेता परत एकदा बघितलं. ही तिची जुनीच सवय. नवरा म्हणायचा, "अगं, तू बघून बघून त्या बटणाला नजर लावशील."

सांडलेलं टिपताना तिचा हात पातेल्याला लागला. तिने झटक्यात मागे ओढला, फुंकर घातली, आणि मग तिच्या लक्षात आलं की भाजलंच नाही. पातेलं गरम होतं, पण हात ठेवता येईल इतपतच. आत दूध अजून उड्या मारत होतं.

नासलं असेल, असं तिने ठरवलं. चव घेतली तर दूध चांगलं होतं.

बाईमाणसाला सकाळच्या वेळी असल्या गोष्टींचा विचार करायला फुरसत नसते. आतल्या खोलीत नवरा रात्रपाळी करून येऊन झोपलेला, त्याची झोप मोडायची नाही. रात्रीपासून चिमी दोन्ही हातांनी कान ओढून ओढून किरकिरत होती, तिला काय होतंय ते कळत नव्हतं. ओटा चिकट झाला होता. तिने चिमीच्या हातात द्यायला बिस्किटाचा पुडा काढला आणि तशीच थांबली.

पुडा फुगला होता. कालच आणलेला, हातात घेतला की चुरगळायचा तसला साधा पुडा. तो उशीसारखा टम्म झाला होता. तिने जरा दाबला तर फट् करून फुटला, आणि चिमी रडायची थांबून त्याच्याकडे बघत राहिली.

२

नवरा विमानतळावर मेकॅनिक होता. विमान म्हणजे त्याच्या भाषेत एक मोठा डबा. "वर गेलं की बाहेर हवा नसल्यातच जमा," त्याने लग्नानंतर लगेच तिला समजावलं होतं, जेवणाच्या डब्याचं झाकण हातात धरून. "म्हणून आत हवा भरून ठेवायची. मागे एक झडप असते, ती लागेल तेवढी हवा सोडते, बाकीची अडवते. ते सगळं आपोआप चालतं. आम्ही तपासायला जातो तेव्हा मात्र त्या झडपेची कळ हातावर घेतो, म्हणजे झडप आपण चालवायची, हवा भरून बघतो, कुठे गळतेय का. झालं की कळ परत ऑटोवर."

"आणि विसरलात तर?"

"तर विमान वर चढत जातं आणि हवा निघून जात राहते. कोणाला कळतसुद्धा नाही. उलट माणसाला बरं वाटतं म्हणे. हसू येतं, झोप येते."

त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं. तिचा चेहरा बघून त्याने एक युक्ती काढली. काम संपवताना तो विमानाच्या पुढच्या खोलीतूनच तिला फोन करायचा, फोन खांद्याला दाबून धरायचा आणि एकेक गोष्ट मोठ्याने म्हणत हाताने करायचा. तिने फक्त हुंकार द्यायचा.

"हत्यारं मोजली."

"हं."

"दार लावलं."

"हं."

"दाराचं रबर पुसलं."

"हं."

"झडप मोकळी."

"हं."

"कळ ऑटोवर."

"हं. झालं, सगळं झालं. या घरी."

एवढं झालं की त्याने पिशवी उचलायची आणि निघायचं. सुरुवातीला ती थट्टाच होती. पण करता करता त्याच्या हातांना तेच वळण पडलं. तोंडाने म्हटलं की हात तिकडे जायचा, आणि तिचं 'या घरी' कानावर पडलं की हात पिशवीकडे. त्याचे साहेबसुद्धा सही करताना हसायचे, "काय, वहिनींचं सर्टिफिकेट आलं का?"

तिला त्यातलं काही कळत नव्हतं. रबर कुठलं, झडप केवढी, तिने कधी बघितलं नव्हतं. पण अंगाईसारखी ती ओळ तिला पाठ होती, आणि ती म्हणून झाली की तिला शांत झोप लागायची.

३

भांडी घासताना तिला आवाज आला. बारीक, सलग. शिट्टी व्हायच्या आधी कुकरमधून वाफ सुटते ना, तसला. तिने गॅस बघितला. नळ बघितला. फ्रिजला कान लावला. आवाज कुठूनच येत नव्हता आणि थांबतही नव्हता.

आतल्या खोलीच्या दाराजवळ तो जास्त होता. दाराखालच्या फटीशी तिने हात नेला तर हाताला वारा लागला. खोलीतून बाहेर येणारा नाही. तिच्या मागून, स्वयंपाकघरातून, फटीतून आत जाणारा. खाली पडलेला बिस्किटाच्या पुड्याचा कागद सरकत सरकत आला आणि त्या फटीला चिकटून थरथरत राहिला.

खिडकी उघडी असेल, म्हणून ओढ लागत असेल. पण ती खिडकी तर नवऱ्याने दिवसा झोपता यावं म्हणून चारी बाजूंनी स्पंज लावून बंद केलेली. डोक्यावरून विमानं जायची सारखी.

तिने चिमीला उचललं आणि खाली बिल्डिंगच्या वॉचमनकडे गेली. त्यांचं खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं. कुठलीही तक्रार नेली की ते एकच शब्द म्हणायचे, म्हणून सगळे त्यांना बघतोकाका म्हणायचे.

"काका, आमच्याकडे कसलातरी आवाज येतोय. हवा सुटल्यासारखा."

"गॅस आहे?"

"नाही. वास नाही."

"मग गॅसवाला येणार नाही. पाणी आहे?"

"नाही हो, हवा."

बघतोकाकांनी वर बघितलं, जणू हवा तिथे कुठेतरी लटकलेली असेल. "हवेचं माझ्याकडे नाही बाई. पाण्याचं आहे, लिफ्टचं आहे, दिव्याचं आहे. हवेचं सेक्रेटरींना विचारावं लागेल. ते गावाला गेलेत."

"आणि तोवर?"

"बघतो," ते म्हणाले, आणि परत डबा उघडून खायला बसले.

खाली येताच चिमी गप्प झाली होती. कानावरचे हात तिने काढले होते. जिना चढायला लागल्यावर परत रडायला लागली.

४

दवाखान्यात फोन उचलायला कोणी तयार नव्हतं. शेवटी उचलला तो एका जांभई देणाऱ्या मुलीने.

"कान दुखतात म्हणजे दात येत असतील."

"दात येऊन गेले ताई. घरात असली की रडते, खाली नेली की थांबते."

"मग खाली ठेवा."

"खाली ठेवू म्हणजे कुठे? जिन्यात?"

"हे बघा, कानाचं आमच्याकडे नाही. कानवाल्या मॅडम वेगळ्या. त्यांच्याकडे पाठवायचं तर आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि डॉक्टर आज नाहीत."

तिने फोन सतरंजीवर आपटला. मग फुटला का म्हणून उचलून बघितला. सासूबाईंना लावावा, तर त्या म्हणणार, तुझं आपलं काहीतरीच, आधी त्याला उठवू नकोस. सकाळपासून हे असंच चाललं होतं. ज्याला सांगावं तो पुढच्याकडे बोट दाखवतो, आणि पुढचा म्हणतो, मागच्याने बघितलं असेलच की. दोघांच्या मधे जी जागा राहते तिथे कोणी उभंच नसतं. तिथे ही एकटी, पोर काखोटीला मारून.

या विचारासरशी तिचा हात थांबला.

सकाळचा फोन तिला आठवला. चिमी तेव्हाही कान धरून आकांत करत होती. रात्रभर जागून तिचं डोकं भणाणलं होतं. फोन खांद्यावर, चिमी मांडीवर, एका हाताने औषधाचं बूच उघडत होती. तिकडून नवरा म्हणत होता, हत्यारं मोजली. हं. दार लावलं. हं. रबर पुसलं. हं, हं. झडप मोकळी.

"झालं हो, सगळं झालं. या घरी. इथे पोरगी जीव टाकतेय."

तो हसून काहीतरी म्हणणार होता. तिने त्याच्या आधीच फोन बंद केला होता.

ती उभी राहिली आणि ओठातल्या ओठात पहिल्यापासून म्हणून बघितलं. हत्यारं. दार. रबर. झडप. मग परत म्हटलं. परत तिथेच थांबलं. शेवटचं कोणी म्हटलंच नव्हतं.

५

आतल्या खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. तिने चिमीला सतरंजीवर ठेवलं आणि कडी धरून ओढलं तर हललं नाही. कडी तर मोकळी होती. तिने पाय भिंतीला लावून ओढलं तेव्हा ते जेमतेम फाकलं, आणि तिच्या मागून घरातली हवा तिच्यावरून भस्सकन आत गेली. केस पुढे उडाले. पदर आत ओढला गेला. मग सगळं शांत. ती आत शिरली आणि दार तिच्यामागे आपोआप लागलं.

खोलीत गार होतं. आवाज इथे नव्हता. इथे कसलाच आवाज नव्हता. नवरा उताणा झोपला होता आणि झोपेत हसत होता, लहान मुलं हसतात तसा.

"अहो," ती म्हणाली. आवाज तिच्या ओठांपासून पुढे गेलाच नाही असं वाटलं.

ती त्याच्याशेजारी बसली. जिना चढून आल्यासारखी धाप लागली होती, पण तिचं तिला काही वाटत नव्हतं. त्याची नखं निळी दिसत होती. किती सुरेख रंग, तिच्या मनात आलं, याच रंगाचं झबलं चिमीला घ्यायला हवं. सकाळपासून आपण उगीच सगळ्यांवर चिडलो. बघतोकाका बिचारे. ती जांभई देणारी मुलगी बिचारी. आपण काहीतरी विचारायला आलो होतो, पण घाई कसली आहे? तिला हसू आलं. उशीवर अर्धी जागा होती. तिने डोकं टेकलं.

लांब कुठेतरी एक मूल रडत होतं. फार लांब, दोन-चार घरं सोडून. बराच वेळ रडत होतं. तिला हळूहळू राग यायला लागला. काय बाई एकेक. पोर एवढं रडतंय, त्याच्या आईने बघायला नको?

आणि मग तिला आठवलं की ती आई कोण.

ती उठली. तिने नवऱ्याचा घोटा धरला आणि ओढला. तो खाली पडला, तरी हसतच होता. दाराला तिने खांद्याने धडक दिली, एकदा, परत, आणि दोघं एकमेकांवर बाहेर कोलमडली.

६

स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडून तिने त्याला खाली बसवलं. त्याचे ओठ माणसासारखे दिसायला लागले तसा त्याचा पारा चढला.

"वेड लागलंय का तुला? रात्रभर राबून आलोय मी."

"त्या खोलीत हवा नाही."

"खोली बंद होती, कोंदट झालं असेल."

"आज सकाळी शेवटचं काय म्हणालात तुम्ही?"

"कशाचं?"

"फोनवर. झडप मोकळी. त्याच्यापुढे?"

"त्याच्यापुढे कळ ऑटोवर," तो वैतागून म्हणाला. "रोजचंच आहे ते."

"ते रोजचं. आज काय म्हणालात?"

त्याचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, डोक्याच्या वर कुठेतरी गेला, बोटं काहीतरी फिरवल्यासारखी वळली आणि अर्ध्यावर थांबली. तो स्वतःच त्या हाताकडे बघत राहिला.

"मी केलं असेल," तो म्हणाला.

"असेल?"

"अगं, माझ्यानंतर साहेबांची सही असते. त्यानंतर पायलट निघायच्या आधी सगळं वाचून बघतो. एवढी माणसं आहेत. मी एकटा आहे का?"

"आणि त्या पायलटची बायकोही सकाळी घाईत असली तर?"

तो उठला, श्वास रोखून आतून फोन घेऊन आला आणि साहेबांना लावला. दोघांना ऐकू येईल असा.

"साहेब, रात्री मी ज्याची हवा तपासली ते विमान कुठाय?"

"दुपारचं? लोक बसले त्यात. आता हलेल. तू झोपला नाहीस अजून?"

"कळ ऑटोवर केलीय की नाही ते एकदा बघायला सांगाल?"

तिकडे साहेब हसले. "का, वहिनींनी सर्टिफिकेट परत घेतलं का? अरे, तू केलंस म्हणून तर मी सही केली."

"तुम्ही बघून केली का?"

"तुझ्यासारखा माणूस असल्यावर काय बघायचं? आणि पायलट बघेलच. तुझी-माझी सही बघून तो काय डोळे मिटून बसणार आहे?"

"साहेब, मी पाया पडतो. एकदा कळवा त्याला."

"बरं, बरं. बघतो."

फोन बंद झाला. त्याने परत लावला. लागला नाही. परत लावला.

"मी जातो," तो म्हणाला. आत जाऊन शर्ट घेऊन तो बाहेर आला, आणि त्याच्यामागे दार कोणीतरी आतून ओढून घेतल्यासारखं लागलं. चपला घालायलाही तो थांबला नाही.

७

चिमीला छातीशी धरून, आपला फोन मुठीत घेऊन ती गॅलरीत उभी राहिली. खाली रस्त्यापलीकडे बसथांब्यावर तो अनवाणी उभा होता. एकेक खिसा चाचपत होता. शर्टाचा, पँटचा, परत शर्टाचा. मग त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि कानाला हात लावून दाखवला. फोन आत राहिला होता.

तेवढ्यात बस आली आणि तो त्यात चढला. तिने सुटकेचा श्वास टाकला, तो पुरता बाहेरही पडला नाही, तोच डोक्यावरून विमान गेलं.

दुपारचं विमान गेलं की मांडणीवरची भांडी वाजायची, रोजच. आजही वाजली. विमान लहान होत होत ढगात शिरलं, आवाज विरला, आणि भांडी वाजतच राहिली. मग त्यातून तो बारीक सलग आवाज वर आला. आता तो सगळ्या घरात होता. ओट्यावरच्या पातेल्यात, बंद गॅसवर, उरलेलं दूध उकळायला लागलं.

चिमीने कान धरले, पण ती रडली नाही. ती आतल्या दाराकडे बघत होती.

आणि तिच्या हातातला फोन वाजला. त्यावर नाव होतं, चिमीचे बाबा.

त्याचा फोन त्या दाराआड होता. तो लावायला आत कोणी नव्हतं. त्याच्याच हातून दाबला गेला असेल, उशीखाली दबला असेल, फोन असे आपोआप लागतात, सगळ्यांचे लागतात. हे सगळं तिने स्वतःला सांगितलं आणि सांगता सांगता तो कानाला लावला.

पहिल्यांदा नुसता सूं आवाज. मग एका पुरुषाचा. अनोळखी, पेंगुळलेला, खूप खुशीत असलेला.

"दार लावलं," तो म्हणाला आणि थांबला.

तिला कळलं की तो कशासाठी थांबलाय.

"हं," ती म्हणाली.

"रबर पुसलं."

"हं."

"झडप..." त्याला हसू आवरेना. मागे आणखी कोणीतरी हसत होतं. बरेच जण हसत होते, हळू, झोपेत हसावं तसं. "झडप मोकळी."

"हं. पुढचं म्हणा," ती म्हणाली. "पुढे काय आहे? पुढचं म्हणा हो."

तिकडून काहीच आलं नाही. तिने चिमीला गॅलरीतच ठेवलं, मधलं दार लावून घेतलं, आणि आतल्या खोलीची कडी धरून सगळं अंग मागे टाकलं. दार उघडलं. वाऱ्याने तिला ढकलतच आत नेलं.

उशीवर त्याचा फोन उजळलेला होता. त्याला कोणी हात लावत नव्हतं. खिडकीचा पडदा एका बाजूला सरकला होता, आणि काचेवर, बाहेरच्या उन्हात, श्वासाचे डाग होते. माणसाने काचेशी तोंड नेलं की उमटतो तसा एकेक गोल. एका ओळीत, सारख्या अंतरावर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर. ते मोठे व्हायचे आणि लहान व्हायचे. काच एवढी लांब नव्हती. तरी ओळ संपत नव्हती. आणि एका डागाच्या खाली, अगदी चिकटून, दुसरा होता. रुपयाएवढा. कोणाच्यातरी मांडीवरचा.

"कळ ऑटोवर," ती फोनमध्ये म्हणाली. तिला धाप लागली होती. "ऐका. कळ ऑटोवर करा. डोक्याच्या वर आहे, उजवा हात वर न्या. कळ ऑटोवर."

बराच वेळ नुसता सूं आवाज होता. काचेवरचा पहिला डाग लहान झाला आणि परत मोठा झाला नाही. मग दुसरा.

"झालं हो," तो खुशीतला आवाज म्हणाला, घाईत असलेल्या बाईसारखा. "सगळं झालं. या घरी."

तिने तळहात त्या रुपयाएवढ्या डागावर ठेवला. काच बर्फासारखी होती. हाताखाली तो अजून ऊबदार लागत होता, आणि मागे, दोन दारांपलीकडे, चिमी रडते आहे की नाही, ते तिला ऐकू येत नव्हतं.